खुणेखालचं पाणी

दसरा झाला तरी परतीचा पाऊस आला नाही. धान गर्भावर होता. या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी उभं राहिलं नाही तर लोंबी बाहेर येते ती पोकळ, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे तलावाकडे लागले होते, म्हणजे पर्यायानं टिकारामकडे लागले होते. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायचं तुडूम होतं; ते उघडायचं आणि लावायचं काम त्याच्या बापापासून त्याच्या घरात होतं. बापाच्या काळी पाण्यात उतरून लाकडी बूच काढावं लागे. आता लोखंडी दार होतं, वर चाक होतं आणि ते फिरवायचं हँडल टिकारामच्या घरी दाराआडच्या खुंटीला टांगलेलं असे.

पाळीच्या दगडांवर पांढऱ्या रंगाची एक आडवी खूण होती. साकोलीच्या अलीकडे हायवेला लागून टेक्नॉलॉजी पार्क उभा झाला, त्या वर्षी ती मारली गेली. मोबाइलमध्ये आणि गाड्यांमध्ये बसतात त्या सर्किटच्या पाट्या तिथं बनत. पार्कला वीज लागत होती, ती शेतांवरून तारा ओढून आली. पोरं लागत होती, ती आसपासच्या गावांतून मिळाली. पाणी लागत होतं, ते या तलावातून पाइपानं गेलं. ग्रामसभेत ठरलं की खुणेच्या वरचं पाणी शेतीचं आणि खालचं पार्कचं. हात सगळ्यांनी वर केले होते. टिकारामनं केला, त्याच्या धाकट्या भावानं, कुंदननंही केला. कुंदनची दामिनी साकोलीला कॉलेजात होती. तिलाही पुढं तिथंच लागायचं होतं. शिवाय तलाव भरला की धान कापेपर्यंत पाणी खुणेच्या खाली जातंय कशाला, असंच सगळे धरून चालले होते.

यंदा ते खुणेशी आलं. आणि कुंदनची बांधी अजून कोरडी होती.

दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा तलावाजवळची बांधी थोरल्याला गेली आणि पार टोकाची धाकट्याला. टोकाला पाणी शेवटी पोचतं, पाण्याची बारीही शेवटची. त्याबद्दल कुंदननं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं, कारण तुडुमावर भाऊ होता.

"उद्या कुंदनची बारी," टिकाराम जेवता जेवता म्हणाला. "पानी खुणेच्या खाली जाईन बहुतेक. जाईन त जाईन."

राधाबाई चुलीपाशी बसली होती. "पार्कवाले बोलतीन ना."

"बोलू दे. तलाव का त्याईनं बांधला? येका बारीनं त्याईचं काई बुडत नाई." तो हात धुऊन उठला. फवारणीचा पंप बिघडला होता, तो घेऊन त्याला साकोलीला जायचं होतं. "दार उघडं हाये ते उघडंच राहू देजो. कोनी विचारलं त सांगजो, उद्या सांजीपर्यंत चालन."

तो एसटीला गेला आणि थोड्या वेळानं नीलेशचा फोन आला. त्यांचा एकुलता एक मुलगा. आयटीआय करून घरी बसला, मग माय-लेक मिळून तेलंगणात मिरची तोडायला गेले. तिथून तो काविळीनं पिवळा होऊन परतला, तेव्हा त्याला बसमधून खांद्यावर उतरवून घ्यावं लागलं होतं. पार्कात लागून त्याला फार दिवस झाले नव्हते. पाट्या धुवायच्या लाइनवर होता. पार्काजवळच दोन पोरांसोबत खोली करून राहत होता.

"माय, तलावातलं पानी लई कमी झालं का?"

"खुणेशी आलं. काहून रे?"

"इथं बोलून राहिले का पानी खालती गेलं त धुवायची लाइन बंद ठेवतीन. नव्या पोट्ट्याईले घरी धाडतीन. मी नवाच हावो ना."

"मंग?"

"मंग काई नाई. तुले सांगतलं. बाबाले नको सांगू, ते चिडतीन."

फोन ठेवून राधाबाई तांदूळ निवडायला बसली. हात सुपात होते आणि डोळ्यांसमोर ते पिवळे डोळे होते. तांदळातले खडे काढता काढता तिनं चांगले दाणेच बाहेर टाकले, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती उठली. दाराआडचं हँडल काढलं, पदराखाली घेतलं आणि तलावाकडे निघाली.

ऊन टळटळीत होतं. माणसं जेवून आडवी झाली होती. पाळीच्या उतारावर तिला रेणू भेटली, कुंदनची बायको. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, चेहरा घामानं निथळलेला.

"बाई, अशा उन्हात कुठं?"

"म्हैस इकडं आली का पायतो."

"नाई दिसली मले." रेणूनं भारा सावरला. "उद्या आमची बारी हाये ना, बाई. भाऊजी म्हनले उद्या नक्की. लय दिवसांनी आज मले झोप लागन."

राधाबाईनं मान हलवली. हँडलचं टोक तिच्या बरगडीत रुतत होतं. रेणू उतरून दिसेनाशी होईस्तोवर ती पाळीवर उभी राहिली. तेव्हा परतता आलं असतं. नंतर पुष्कळ वेळा तिला ते आठवलं, की तेव्हा परतता आलं असतं.

चाक गंजलेलं होतं. तिनं हँडल बसवलं आणि जोर केला, तरी हललं नाही. मग तिनं पदर खोचला, पाय दगडाला लावले आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. चाक करकरत फिरलं. तळहाताचं कातडं निघालं तरी ती फिरवत राहिली. खाली नालीत पाण्याचा जो आवाज दिवसरात्र चालू होता तो आधी बारीक झाला, मग गुडगुडला, मग बंद पडला. एकदम सगळं गाव ऐकतंय की काय अशी शांतता झाली. पलीकडच्या पाण्यात बगळे उभे होते, ते उडालेही नाहीत.

टिकाराम दिवेलागणीनंतर आला. थकलेला होता. पंप भिंतीला टेकवून जेवला आणि झोपला. राधाबाईनं त्याला डाव्या हातानं वाढलं. सकाळी उठल्याबरोबर सांगू, असं तिनं ठरवलं.

सकाळी ती शेण काढत होती तेव्हाच पाळीवर माणसं गोळा झाल्याचं दिसलं. टिकाराम दातण टाकून तसाच धावला. मागोमाग तीही गेली, पण पाळीखालच्या बाभळीशी थांबली.

पार्काचा पाण्याचा साहेब जीप घेऊन आला होता. त्याच्या माणसांनी चाकातून साखळी ओवून कुलूप लावलं होतं. कुंदन नालीत उतरून उभा होता. त्याचे पाय चिखलात होते आणि चिखल सुकू लागला होता.

"या, टिकारामजी," साहेबानं हात पुढं केला. "दार लागल्याचं रात्री कळलं म्हणून आलो, आणि तुमचे आभार मानायला थांबलो. पाणी बरोबर खुणेवर आलं आणि तुम्ही दार लावलं. असा माणूस आम्हाला दुसऱ्या कुठल्या गावात भेटला नाही."

टिकारामनं चाकाकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून त्यानं गावाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि बाभळीशी उभी असलेली बायको त्याला दिसली. राधाबाईला वाटलं, आता बोलेल.

"साहेब, माही येकच बारी राह्यली," कुंदन खालून म्हणाला. "धान गर्भावर हाये. येक दिवस उघडा."

"मला तो अधिकार नाही हो. आता वर कळवलंय, कुलूप त्यांच्याच हुकमानं निघेल." साहेब मनानं वाईट नव्हता. तो हळू आवाजात पुढं म्हणाला, "दार उघडं असतं, पाणी चालू असतं, तर तुमची बारी होईपर्यंत मी कुठं मुद्दाम बघायला येत होतो?"

जीप गेली. कुंदन नालीतून वर आला.

"दादा, तूनं बंद केलं?"

टिकारामनं कुलूप हातात धरून पाहिलं.

"सांग ना. तू मले हो म्हनला होता."

"होय," टिकाराम म्हणाला. "म्याच केलं."

"नीलेशसाठी?"

"होय."

कुंदन भावाच्या पायाजवळ थुंकला नाही, त्यानं शिवीही दिली नाही. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, चिखलाचे पाय पुसले आणि तो निघून गेला. लोकही एकेक करून पांगले. जाताना एकानंही टिकारामला रामराम केला नाही.

घरी आल्यावर राधाबाई त्याच्या शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. त्यानं राहिलेलं शेण काढलं, म्हशीला पाणी दाखवलं, आंघोळ केली. अंगणात धोतर वाळत घालताना एवढंच म्हणाला, "हाताले हळद लाव. पिकन."

तिनं लावली. जखम आठ-दहा दिवसांत भरलीही.

कुंदननं नाल्यातल्या डोहावर इंजिन बसवून पाणी ओढायचा प्रयत्न केला. डोह एका दिवसात आटला. मग रेणू आणि दामिनी विहिरीचं पाणी घागरींनी नेऊन ओतू लागल्या. धानाच्या बांधीला घागरीनं पाणी घालणं म्हणजे वेड्याचं काम. जमिनीला भेगा पडल्या होत्या, पाणी ओतलं की सुर्रकन आत जाई. पण बाईमाणसाला नुसतं बसवत नाही. राधाबाई रोज आपलं काम आटोपून तिकडं जाई. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. मानेच्या शिरा तटतटत, चुंबळ भिजून पाणी पाठीवरून ओघळे. रेणूपेक्षा तिच्याच खेपा जास्त होत.

"बाई, तुमी बसा थोडं," रेणू म्हणे. "भाऊजीनं जे केलं ते केलं. त्यात तुमचा काय दोस? तुमी नसत्या त मी या घराचं तोंड नसतं पाह्यलं."

"घागर दे इकडं," राधाबाई म्हणे.

"तुमी त्याईले काई म्हनलं नाई का हो?"

"म्हनलं."

"मंग?"

राधाबाई घागर उचलून चालू लागे. पुढचं खोटं तिला जुळवता येत नसे.

दिवाळीला नीलेश आला. अंगात कंपनीचं जाकीट, पायांत बूट, गालांवर मांस चढलेलं. त्यानं मायसाठी मिक्सर आणला होता. धुवायची लाइन एक दिवसही बंद पडली नव्हती. "आमी पाट्या धुतो ना माय, ते पानी आपल्या प्याच्या पान्याहून साफ असते," तो सांगत होता. "त्याच्यात मीठ नाई, माती नाई, काईच नाई. जिभेवर ठेवलं त चव बी लागत नाई." टिकाराम ऐकत होता. पोराच्या अंगावरचं मांस तो पाहत होता, आणि राधाबाईला दिसत होतं की त्याला ते पाहून बरं वाटतंय.

"काकाकडं जाऊन येतो," नीलेश म्हणाला आणि गेला. लगेच परत आला. "काका बोलले नाई माह्याशी. काय झालं?"

"यंदा त्याईचा धान गेला," टिकाराम म्हणाला. "डोकं ठिकानावर नाई त्याचं. तू मनावर नको घेऊ."

"दामिनीचं मी बोललो हावो तिथं. तिची परीक्षा झाली का लागन ती."

राधाबाई उठून आत गेली आणि उगाच डबे उघडून लावत बसली.

दिवाळीनंतर मंडई भरली, गावची जत्राच ती. घरोघरी पाहुणे आले, चौकात दंडारीच्या खेळाचा मांडव पडला. दरवर्षी दोन्ही भावांचे पाहुणे एकाच ओसरीवर जेवत. यंदा कुंदनकडून बोलावणं आलं नाही. टिकाराम सकाळपासून नवा सदरा घालून अंगणात बसला होता. दुपार कलली तेव्हा त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि दोर वळायला घेतला. रस्त्यानं जाणारं कुणीतरी हसत म्हणालं, "टिकारामजी, तुमाले पार्कवाले बोलावतीन जेवाले." तो दोर वळत राहिला. पायाच्या अंगठ्यात धरलेला पीळ सुटला तो त्यानं पुन्हा घातला. राधाबाईनं खिडकीतून ते पाहिलं आणि तिला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं त्या दिवशी आपल्याला चारचौघांत मारलं असतं तर बरं होतं.

मग कापणी लागली. जावाजावा एकमेकींचा धान कापायला जात, ती रीत होती. कुंदनच्या बांधीतल्या लोंब्या पांढऱ्या पडून ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. या वाकल्या नव्हत्या. कुंदन म्हणाला होता की पेटवून देतो, पण रेणू म्हणाली जनावरं काय खातील, तणीस तरी होईल. म्हणून कापायचं होतं.

राधाबाई विळा घेऊन हजर झाली. दोघी शेजारी शेजारी पात धरून वाकल्या. वाळलेली धसकटं घोट्यांना टोचत होती. मुठीत धरलेला धान खुळखुळ वाजत होता.

"परवा मी भाऊजीले लय वाईट बोलली," रेणू कापता कापता म्हणाली. "नळावर भेटले. म्हनलं, तुमचं पोट्टं आमच्या पोटावर पाय देऊन जेवते. खाली मान घालून गेले हो. मंग मलेच कसंतरी झालं. लहानपनापासून आमच्या याईले त्याईनंच वाढवलं."

राधाबाईचा विळा थांबला.

"रेणू, त्याईनं नाई केलं."

"काय?"

"तुडूम. त्याईनं नाई लावलं. ते साकोलीले गेले होते. म्या लावलं."

रेणू सरळ उभी राहिली. तिच्या मुठीत धानाचा एक चूड तसाच होता.

"त्या दिवशी पाळीवर भेटल्या तुमी मले."

"हो."

"म्हैस पायतो म्हनल्या."

"पदराखाली हँडल होतं."

रेणूनं मुठीतला धान खाली ठेवला. "मी तुमाले म्हनलं होतं का आज मले झोप लागन."

"म्हनलं होतं."

रेणू रडली नाही. शेताच्या कडेच्या धुऱ्यापलीकडे कुंदन बैलांना दावं लावत होता, त्याला तिनं हाक मारली. "इकडं या. बाई काय म्हनतेत ते ऐका."

राधाबाईनं पुन्हा सांगितलं. फोन सांगितला, चाक सांगितलं. काही गाळलं नाही. कुंदन ऐकत होता. वरच्या धुऱ्यावर टिकाराम म्हैस चारत होता. कुंदन तडक त्याच्याकडे चालत गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागून दोघी गेल्या.

"दादा, वहिनी म्हनते तुडूम तिनं लावलं."

टिकारामनं बायकोकडे पाहिलंही नाही. म्हशीच्या पाठीवरचा गोचीड काढून त्यानं दगडावर चिरडला.

"तिचं काय ऐकतो? लोकं मले बोलतेत ते तिले पाहवत नाई. म्हनून आपल्या अंगावर घेऊन राहिली."

"खोटं नका बोलू तुमी," राधाबाई म्हणाली. "त्याले खरं सांगा."

"तुह्यानं ते चाक फिरन का?" तो म्हणाला. "माह्यानं दोन्ही हातानं फिरत नाई. म्याच लावलं, कुंदन. साकोलीले जायच्या आधी लावलं. चल, जा आता, कामं पडली हायेत."

कुंदन दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथं काहीतरी दमलेलं आलं. "वहिनी," तो म्हणाला, "तुमचं मन मोठं हाये. पन दादानं केलं ते दादाचंच राहू द्या." आणि तो बैलांकडे परत गेला.

रेणू गेली नाही. ती टिकारामकडे पाहत होती, मग राधाबाईकडे. तिला खरं कळलं होतं, आणि ते कळलेलं तिच्या नवऱ्याला कधीच पटणार नव्हतं. ती टिकारामला म्हणाली, "भाऊजी, नळावर बोलली ते मनात नका ठेवू." आणि राधाबाईला काहीच न बोलता वळली.

घरी आल्यावर राधाबाईनं विळा ओसरीवर टाकला. "काहून केलं तुमी असं?"

"तुह्या सांगन्यानं त्याचा धान भरनार हाये का?" टिकाराम हात धूत होता. "तुडूम म्या लावलं म्हनतेत, त बुढ्ढ्याले शिव्या देऊन मोकळे होतेत. मायनं चोरून लावलं म्हनतीन त नीलेशले गावात तोंड दाखवता येनार नाई. म्या पचवलं हाये. तू बी पचव."

"मले नाई पचून राहिलं."

त्यानं ओले हात धोतराला पुसले. "मंग तसंच राहू दे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला याहून जास्त काही देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कुंदनच्या बांधीत गेली. रेणूनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. राधाबाईनं पार दुसऱ्या टोकाची पात धरली आणि एकटीच कापत सुटली. दुपारी रेणू, कुंदन आणि दामिनी आंब्याखाली भाकर खायला बसले. दामिनीनं मोठ्या आईला हाक मारली. रेणूनं लेकीच्या हाताला हात लावून तिला गप्प केलं. राधाबाई बांधीतच बसली, कोरड्या मातीवर, धानाच्या अपुऱ्या सावलीत.

ऊन उतरल्यावर भारे बांधायला सुरुवात झाली. रेणू कापून आडव्या टाकलेल्या कडपा गोळा करत, बंद घालत, गुडघा दाबून भारे आवळत पुढं पुढं येत होती. स्वतःच्या कडपा तिनं बांधल्या, कुंदनच्या बांधल्या, लेकीच्या बांधल्या. राधाबाईनं कापलेल्या कडपांशी ती आली, क्षणभर थांबली, आणि त्यांना वळसा घालून बैलगाडीकडे गेली.

राधाबाईनं आपल्या कडपा आपणच गोळा केल्या. तणसाचा बंद पिळला, भारा आवळला. चांगला मांडीएवढा जाड भारा झाला. तो उचलायला तिनं आयुष्यभराच्या सवयीनं पाय रोवले, कंबर ताठ केली, दात आवळले आणि जोर लावला. भारा इतका हलका वर आला, की तिचा तोल गेला आणि ती दोन पावलं मागं कोलमडली.